खिरीची भिंत

फळी ठोकायची होती, बाकी काही नाही. तळघरातल्या उत्तरेकडच्या भिंतीवर पाइनची एक साधी फळी, आणि तिच्यावर दीसाच्या लिंगोनच्या, म्हणजे आंबट लाल रानफळांच्या, मुरंब्याच्या बरण्या. दीसा म्हणाली होती, "राहू दे, मी ठोकते." तिथेच ऐकायला हवं होतं. पण भूगोलाच्या मास्तरला हाताने काही करून दाखवायची संधी आयुष्यात फार थोड्या वेळा मिळते, आणि रूरिक फास्तेनने ती साधली.

त्याने ड्रिल लावलं. काँक्रीटला भोक पाडताना भिंत किंचाळते, हात थरथरतो, दातांत वाळू येते आणि आपण काहीतरी करतोय असं माणसाला वाटतं. इथे तसलं काही झालं नाही. नाताळच्या तांदळाच्या खिरीत चमचा जावा तसं ड्रिल मुठीपर्यंत आत गेलं आणि स्वस्थ बसलं. रूरिकने ते बाहेर ओढलं. टोकाला पांढरा, ओला, मऊ लगदा. त्याने भोकात बोट घातलं. बोट गेलं. शहाण्या माणसाने इथे बोट काढून घ्यावं, धुवावं आणि त्या भिंतीसमोर जन्मभर बटाट्यांची पोती रचून ठेवावीत. रूरिकने दुसरं बोट घातलं.

नेमकी त्याच वेळी वर, त्याच्या टाळूच्या बरोबर वर, त्याची बायको दीसा रेडिओ लावून पोल्स्का नाचाच्या गिरक्या घेत होती. धप्, धप्, घसर. धप्, धप्, घसर. वरच्या खोलीच्या तुळया धुराड्यापासून निघून याच भिंतीवर येऊन टेकल्या होत्या. एका तुळईखालून पांढरा थेंब ओघळला आणि रूरिकच्या चष्म्यावर पडला. तो पुसून होतोय तोच दुसरा आला.

घर दीसाच्या बापाने बांधलेलं. हाल्वार आता नव्वदीला टेकला होता, अंगणापलीकडच्या लहान घरात राहायचा आणि रोज एकदा तरी जावयाने आपलं घर कितपत बिघडवलंय ते तपासायला यायचा. वरच्या मोठ्या खोलीची फळ्यांची जमीन त्याने नाचासाठी म्हणून मुद्दाम घातली होती. त्या जमिनीवर, बापाच्या बुटांवर पाय ठेवून, दीसा नाच शिकली.

गेल्या वर्षी याच दिवसांत दीसा इस्पितळात होती, आणि पुढचं वर्ष दिसेल का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिनेच एका दुपारी छताकडे बघत सांगितलं, "साठावा वाढदिवस घरी करायचा. बाबाच्या जमिनीवर. सगळ्यांनी नाचायचं." रूरिक हो म्हणाला होता. त्या दिवशी तिने चंद्र मागितला असता तरी तो हो म्हणाला असता. दीसा बरी झाली, आमंत्रणं गेली, तीसेक माणसं येणार होती. दिवस ठरला होता नोव्हेंबरातला पहिला शनिवार, म्हणजे आता तीन आठवड्यांवर.

तेव्हा दीसाला काही सांगायचं नाही, हे रूरिकने तळघरातच ठरवलं. काही नवरे बायकोपासून बाटली लपवतात, काही दुसरी बाई लपवतात. रूरिकने भिंत लपवली.

पहिला उपाय सिमेंटचा. एक पिशवी आणली, कालवलं, भोक बुजवलं, वरून हात फिरवला, आणि मोठ्या समाधानाने झोपला. दुसऱ्या दिवशी तो सिमेंटचा गोळा, जाताना भिंतीचा ताटाएवढा तुकडा सोबत घेऊन, जमिनीवर पडलेला होता. रूरिकने त्या खड्ड्यापुढे बटाट्यांचं एक पोतं उभं केलं.

मग रूरिकने शाळेच्या कॉफीच्या खोलीत विषय काढला. आपल्या एका ओळखीच्या माणसाची भिंत ओली होत्ये, असं म्हणाला. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की त्या ओळखीच्या माणसाने हवा खेळती ठेवावी. त्या मुलुखात बुरशी, सर्दी, खिन्नता आणि नवरा-बायकोची भांडणं या सगळ्यांवर एकच औषध आहे, खिडकी उघडणे. गणिताच्या बाई तर म्हणाल्या की घरं ओलीने पडत नाहीत, आळसाने पडतात, आणि असं म्हणताना त्यांनी रूरिकच्या पोटाकडे पाहिलं. रूरिक चांगला भरलेला माणूस होता. त्याने कॉफी अर्धी टाकली, घरी येऊन तळघराचे दोन्ही झरोके सताड उघडले, आणि ऑक्टोबरचं धुकं सरोवरावरून उठून सरळ आत येऊन बसलं. आठवड्याभरात भिंतीत कोपरापर्यंत हात जाऊ लागला.

आता कुणालातरी सांगणं भाग होतं. शेजारच्या तोर्ग्नीला सांगितलं, कारण तो निवृत्त दातांचा डॉक्टर, आणि लोकांच्या तोंडातल्या गोष्टी पोटात ठेवायची त्याला सवय. शिवाय त्याला दगडांचा नाद होता. दर उन्हाळ्यात तो डोंगरावरच्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर गुडघ्यांवर रांगताना दिसायचा.

तोर्ग्नी कपाळावर दिवा बांधून आला. खिशातून दातांचा लहान आरसा आणि आकडा काढला, भोकात घातला, आणि सवयीने भिंतीला म्हणाला, "दुखलं तर हात वर कर." मग तो बटाट्यांच्या पोत्यावर बसला आणि त्याने चष्मा पुसला. रूरिकला वाटलं, खलास.

"रूरिक," तो म्हणाला, "हा थौमासाइट आहे."

आणि इथे रूरिकच्या काळजावर दुसरा घाव बसला, तो जास्त खोल होता. कारण हे नाव त्याला माहीत होतं. दर वर्षी आठवीच्या वर्गात तो डोंगराकडे बोट दाखवून सांगायचा की हा पांढरा, रेशमासारखा, अत्यंत दुर्मीळ दगड जगात सगळ्यांत आधी आपल्या डोंगरात ओळखला गेला. एका दगडात जे घटक एकत्र नांदू नयेत ते यात सुखाने नांदताना बघून रसायनवाले एवढे चक्रावले, की त्यांनी नावच नवलावरून ठेवलं. "दुर्मीळ" हा शब्द रूरिक फार सावकाश उच्चारायचा. मुलं जांभया द्यायची. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट त्याने स्वतः कधी पाहिली नव्हती, आणि आता ती त्याच्या मुरंब्याच्या फळीच्या जागी येऊन बसली होती.

तोर्ग्नीने विचारलं, भिंतीमागे भराव कशाचा. रूरिकने सांगितलं, काळ्या पाटीच्या दगडाचा. हाल्वारला तो रस्त्याच्या कामावरून मिळाला होता, आणि घासला की त्याला फटाक्यासारखा वास येतो हे सगळ्या घराला ठाऊक होतं. तोर्ग्नीने टाळीच वाजवली. त्याने समजावून दिलं की तो वास गंधकाचा. पाऊस त्या पाटीतून झिरपतो, गंधक घेऊन भिंतीत शिरतो, आणि थंडी असली, ओल असली, की हा पांढरा दगड सिमेंट खात खात वाढतो आणि जागेवर खीर ठेवतो. काळ्याभोर हिरडीतून वर आलेल्या पहिल्या दातासारखा हा दिसतोय, असं काहीतरी तो म्हणाला. रूरिकला ते ऐकवेना.

"झरोके उघडे ठेवलेस हे फार छान केलंस," तोर्ग्नी म्हणाला. "थंड आणि ओलं, एवढंच हवं असतं रे त्याला. काही झालं तरी ऊब देऊ नकोस. उबेत वाढ थांबते."

रूरिकने त्याच्यादेखत झरोके बंद केले आणि वरून विजेचा हीटर आणला. लहान मुलाच्या तोंडची बाटली कुणी हिसकावून घ्यावी तसा तोर्ग्नीचा चेहरा झाला.

"आता वाढ थांबली," रूरिकने विचारलं, "म्हणजे भिंत परत घट्ट होईल ना?"

"किडलेला दात परत उगवतो का?" तोर्ग्नी म्हणाला.

हीटरमुळे नवंच संकट उभं राहिलं. त्या तळघरात थंडावा राखणं हा हाल्वारचा धर्म होता. दुसऱ्याच दिवशी तो तपासणीला आला, पायरीवर थांबला, हवा हुंगली आणि म्हणाला, "मास्तर, बटाट्यांना हुडहुडी भरली का?" रूरिक म्हणाला, शाळेसाठी एक प्रयोग चाललाय. हाल्वार म्हणाला, प्रयोग शाळेत करावेत, बटाटे घरी ठेवावेत, आणि जाताना हीटर बंद करून गेला. रूरिकने चालू केला. संध्याकाळी परत बंद. आठवडाभर त्या दोघांचा एकमेकांशी एवढाच व्यवहार होता. बटाट्यांना मात्र वसंत आला असं वाटलं आणि त्यांनी कोंब काढले.

शेवटी रूरिकने बांधकामाच्या कचेरीत फोन केला. फोन घेण्याची वेळ सकाळची, एकच तास, आणि त्या तासाला तो शाळेच्या नकाशांच्या खोलीत लपून रांगेतला आपला नंबर ऐकत उभा राहायचा. एकदाची एक गोड आवाजाची बाई भेटली. तिने सगळं लिहून घेतलं, शनिवारच्या आत माणूस पाठवते असंही म्हणाली. तेवढ्यात रूरिकमधल्या मास्तरला राहवेना. त्याने तिला दगडाचं नाव सांगितलं आणि "दुर्मीळ" हा शब्दही, सावकाश.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली की ओली भिंत तिच्या विभागाची, पण दुर्मीळ दगड निसर्ग विभागाचा. तिकडून उत्तर येईपर्यंत भिंतीला कुणी हात लावू नये. निसर्ग विभागाची बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. जुळं होतं.

मग रूरिकने लाकडाच्या ढिगातून बर्चचे दोन जाड ओंडके काढले आणि तुळयांखाली टेकू म्हणून ठोकले. दीसाने विचारलं तेव्हा म्हणाला, फळीसाठी. एका फळीला एवढं लाकूड लागतं हे दीसाला पटलं नसावं, पण ती तेव्हा मोठ्या कामात गढली होती.

तिच्या मागे घरात हा माणूस चवड्यांवर चालत होता. पियानो सरकवायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्याने एकदा जमिनीवर गोटी ठेवून पाहिली, ती उत्तरेकडे घरंगळली. आता ती पहिल्यापासूनच घरंगळत होती की आजपासून, हे कुणाला विचारणार? जेवताना काचेचं कपाट किणकिणलं की त्याचा चमचा अर्ध्यावर थांबायचा. डोळे मिटले की वरच्या खोलीतली तीस माणसं, पियानो, पणत्यांसारख्या लावलेल्या मेणबत्त्या आणि मधोमध दीसा, सगळं एकदम खाली बटाट्यांत जाताना दिसायचं. सगळ्यांत शेवटी हाल्वार पडायचा, आणि पडता पडता म्हणायचा, मास्तर.

दीसाचं मोठं काम म्हणजे पानं. कोण कुठे बसणार हे तिकडे यजमानीण ठरवते आणि प्रत्येक ताटापुढे नावाचं कार्ड उभं करते. नवरा-बायकोला शेजारी बसवत नाहीत. जेवायला बाहेर जायचं ते निदान दुसऱ्या कुणाशी बोलायला. दीसाने त्या कार्डांवर दिवसच्या दिवस घालवले होते. नुकताच एकटा पडलेला पोस्टमास्तर विधवा मास्तरणीशेजारी. जमिनीच्या बांधावरून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी मावसबहिणी टेबलाच्या दोन टोकांना. त्या कार्डांत जेवढा जिव्हाळा होता तेवढा पुष्कळांच्या मृत्युपत्रांतही नसतो.

शनिवारी दुपारी दीसा अंघोळीला गेली, आणि रूरिकने ती सगळी कार्डं बदलली. वजनावरून.

दुसऱ्याच्या वजनाचा डोळ्यांनी अंदाज घेणं हे फार हलकं काम आहे, पण भीतीला लाज नसते. जी माणसं जड ती सगळी त्याने धुराड्याकडच्या बाजूला घेतली, कारण धुराडं दगडाचं, थेट खडकावर उभं. जी किरकोळ, ती उत्तरेच्या भिंतीकडे. बर्फ काढायची गाडी चालवणारा स्तूरे, हा माणूस बसला की बाक निवृत्ती मागतो, तो धुराड्याला अगदी चिकटून. त्याची बायको मॅर्ता त्याच्याच शेजारी, कारण दुसरा इलाज नव्हता.

पाहुणे आले. बूट काढले, पिशवीतून आणलेले घरातले बूट चढवले, आपापलं नाव शोधलं आणि बसले. दीसा रस्स्याचं पातेलं घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने टेबलावरून एकदा नजर फिरवली. मावसबहिणी कोपराला कोपर लावून बसल्या होत्या, दोघी काटक्या. पोस्टमास्तर टेबलाच्या एका बाजूला, विधवा मास्तरीण दुसऱ्या. नवरा-बायको शेजारी. काहीतरी चुकलंय हे सगळ्यांना कळलं होतं, पण चूक दाखवणं ही तिकडे चुकीहून मोठी चूक, तेव्हा सगळे पातळ भाकरीला लोणी लावत होते. दीसाने रूरिककडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर बरं होतं. तिने नुसतंच पाहिलं, आणि रस्सा वाढायला लागली.

रूरिकने एकही घास चावला नाही. टेबलाच्या त्या टोकाकडून हाल्वारने आवाज दिला, "तुझे ते दांडके काढले बरं का, मास्तर. वाटेत येत होते. लाकूड मात्र झकास वाळलेलं. त्याच्यावरच शिजलाय हा रस्सा."

सगळ्यांनी रस्स्याचं कौतुक केलं.

पुढचं सगळं रूरिकला एखाद्या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत घडल्यासारखं दिसलं. जेवणं झाली. लोकांनी उठून जोडून मांडलेली टेबलं उचलली आणि उत्तरेच्या भिंतीला नेऊन लावली, जागा व्हावी म्हणून. फिडलवाल्याने तार पिळली. स्तूरेने मधोमध येऊन, सुरुवात म्हणून, टाच आपटली. कपाट किणकिणलं. रूरिकने पेला उचलला आणि सुरीने वाजवला.

क्षणात खोली शांत. पेला वाजला की भाषण, हे लहान पोरालाही कळतं. आणि हा माणूस आजवर कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या मयतीत नाही, एक शब्द बोललेला नव्हता. दीसाने हातातला रुमाल खाली ठेवला. तिचा चेहरा असा काही उजळला, की रूरिकला वाटलं जमीन आत्ताच खचली तर बरं.

"नाचू नका," तो म्हणाला. "खालची भिंत मऊ झाल्ये. तीन आठवडे झाले. हात जातो आत. ही जमीन तिच्यावर आहे. दीसा, मला तुझा दिवस मोडायचा नव्हता."

स्तूरेने दुसऱ्यांदा उचललेली टाच हळूच खाली टेकवली. खाली तळघरात काहीतरी टपकलं. मग मॅर्ता सावकाश म्हणाली, "म्हणजे आम्ही सगळे इकडे, धुराड्याकडे, ते..." तिने डावीउजवीकडे पाहिलं. तिच्या बाजूच्या प्रत्येकाने डावीउजवीकडे पाहिलं. जमीन खचण्याची बातमी ज्यांनी शांतपणे ऐकली होती त्यांचे चेहरे एकेक करून लाल झाले. पलीकडच्या रांगेत दोन मावसबहिणींनी कित्येक वर्षांनी एकमेकींकडे बघून ओठ दाबले.

"मग रूरिक काय करत होता तिकडे," मॅर्ता म्हणाली, "काटक्यांच्या रांगेत?"

हाल्वार उठला होता आणि जिन्याकडे निघाला होता. रूरिक त्याच्या मागे गेला. खाली म्हाताऱ्याने दिवा लावला, बाही सारली आणि आपल्या भिंतीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत. त्याने तो तसाच आत ठेवला, वासराच्या तोंडात हात धरावा तसा.

"घट्ट होती रे तेव्हा," तो म्हणाला.

"माहीत आहे," रूरिक म्हणाला.

"पाटी फुकट मिळाली होती." मग हात पुसत म्हणाला, "मला तरी सांगायचंस, मास्तर." यात "मास्तर" शब्द आला, पण पहिल्यांदाच तो टोचला नाही.

वर येऊन हाल्वार एवढंच बोलला, "पोरी, बाहेर. मी बांधलंय, मी सांगतो."

तीस माणसं पडायला आलेल्या घरातून बाहेर निघाली ती कशी? रांगेने. ओसरीत प्रत्येकाने घरातले बूट काढले, पिशवीत ठेवले, पिशवीचं तोंड आवळलं आणि आपले बाहेरचे बूट शोधले. आधी तू. छे, तूच आधी. या तुझ्या लेसेस का? पोस्टमास्तर विधवा मास्तरणीचा कोट धरून उभा राहिला आणि तिला दुसरी बाही सापडेपर्यंत दोघांनी भरपूर वेळ घेतला. रूरिक दाराशी उभा राहून माणसं मोजत होता आणि प्रत्येक लेसगणिक त्याचं आयुष्य कमी होत होतं. स्तूरे सगळ्यांत शेवटी निघाला. तो धुराड्याला टेकून थांबला होता. म्हणाला, माझी जागा पक्की आहे असं ऐकलं, बाकीच्यांना जाऊ दे. तरी एक माणूस कमीच भरत होता. तो तोर्ग्नी. त्याला तळघरातून ओढून काढावं लागलं. मुरंब्याची एक बरणी रिकामी करून त्यात तो भिंत भरत होता.

अंगणात कडक गारठा होता. कुणाला घरी जावंसं वाटेना, आणि काय करावं हेही सुचेना. मग स्तूरेने बर्फाची गाडी आणून दिवे अंगणावर सोडले, फिडलवाल्याने बोटं तोंडात घालून गरम केली, आणि जाडजूड बूट, कोट, टोप्या घालून, अस्वलांची जत्रा भरावी तशी सगळी माणसं पोल्स्का नाचायला लागली. मॅर्ताने हाल्वारला ओढलं. जाताना ती रूरिकला म्हणाली की तिला विचारलं असतं तर तिने खरं वजन सांगितलं असतं, ते त्याच्या अंदाजापेक्षा कमी आहे.

दीसा रूरिकपुढे येऊन उभी राहिली. तो घराकडे बघत होता. सगळे दिवे लागलेले, आत कुणी नाही, घर अजून उभं.

"मला धुराड्यापाशी बसवलंस," ती म्हणाली. "साठाव्या वाढदिवसाला. जाडांत."

"ते खडकावर उभं आहे."

"आणि स्वतः त्या भोकाच्या बरोबर वर."

"मला कुठेतरी बसायलाच हवं होतं."

"तू स्तूरेएवढा आहेस, रूरिक."

"तेवढा नाही," तो दुखावून म्हणाला.

ती हसली नाही. तिने त्याच्या खांद्यांना धरलं, आणि लहानपणी बापाच्या बुटांवर चढायची तशी त्याच्या बुटांवर चढून उभी राहिली, एक पाय, मग दुसरा. "पुढच्या वेळी खचायचं असेल तर मला सांगून खच," ती म्हणाली. "आता चल म्हाताऱ्या, नाच."

तिचं सगळं वजन त्याच्या पावलांवर होतं. गेल्या वर्षीपेक्षा ते पुष्कळ भरलं होतं, आणि ते त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर तो पाऊलच उचलायला विसरला. खाली जमीन गोठून दगड झाली होती. तरी रूरिकने निघण्याआधी, तिला कळू न देता, टाचेने एकदा ठोकून पाहिली.